हवेची साक्ष : ओझोन विवर, गणित आणि एक विमान

साहित्याच्या चर्चासत्रांत एक विधान आता जवळजवळ सुभाषितासारखे उच्चारले जाते : विज्ञान हेही अखेर एक कथनच आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी ते केव्हा ना केव्हा केले आहे, काहींनी निबंधांत लिहिले आहे, आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ते वाचून त्याला गुणही दिले आहेत. त्यात तथ्य नाही असे नाही. वैज्ञानिकही गृहीतकांपासून आरंभ करतात, रूपके वापरतात, घटनांची कार्यकारण-साखळी गुंफतात. परंतु हे विधान जिथे संपते तिथे खरा प्रश्न सुरू होतो. एकाच घटनेची तीन कथने समोर असतील आणि तिन्ही अंतर्गत सुसंगत असतील, तर त्यांतले कोणते स्वीकारायचे हे कशाच्या बळावर ठरते? वक्तृत्वाच्या, संस्थांच्या प्रतिष्ठेच्या, की आणखी कशाच्या?

या प्रश्नाला अमूर्त उत्तर देण्यापेक्षा विज्ञानाच्या अलीकडच्या इतिहासातील एक प्रकरण तपशिलात वाचावे, असे आम्हांला वाटते. वातावरणात कोणता वायू कोठे, किती आणि का असावा हे गणिताने सांगणाऱ्या प्रारूपांची पडताळणी विमानातून केलेल्या मोजमापांशी कशी केली गेली, त्याचे हे प्रकरण आहे. विषय आमच्या अभ्यासक्षेत्रापासून दूरचा आहे; पण ज्यांनी कधी दोन पोथ्यांतले पाठ ताडून पाहिले आहेत, त्यांना तो फारसा परका वाटू नये.

१

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी असे प्रतिपादन केले की शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू खालच्या वातावरणात नष्ट होत नाहीत. ते हळूहळू स्थितांबरात चढतात, तिथल्या अतिनील किरणांनी फुटतात, आणि सुटा झालेला क्लोरिन ओझोनचा नाश करतो. या प्रतिपादनाच्या आधारे पुढील दहा वर्षे अनेक प्रारूपे रचली गेली. त्यांचे भाकीत साधारण एकच होते : ओझोनची घट होईल, पण संथपणे, अनेक दशकांत काही टक्के, आणि तीही मुख्यतः चाळीस किलोमीटरच्या आसपास.

मे १९८५ मध्ये जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश संशोधकांचा एक छोटा लेख ‘नेचर’मध्ये आला. अंटार्क्टिकावरील हॅली येथील केंद्रात १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासून एका जुन्या पद्धतीच्या यंत्राने ओझोन मोजला जात होता. ओझोन डॉबसन एककांत मोजतात. डोक्यावरच्या हवेतील सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणून पसरला आणि त्याचा थर तीन मिलिमीटर जाडीचा झाला, तर ते तीनशे एकक. हॅलीवर ऑक्टोबर महिन्याची सरासरी पूर्वी तीनशेच्या आसपास असे. १९८० च्या दशकात ती दोनशेच्या दिशेने कोसळलेली दिसली. ऑक्टोबर म्हणजे तिथला वसंत. कोणत्याही प्रारूपाने हे सांगितले नव्हते. घट फार मोठी होती, फार वेगाने झाली होती, आणि प्रारूपांनी सांगितलेल्या उंचीच्या कितीतरी खाली, बारा ते वीस किलोमीटरच्या पट्ट्यात होत होती.

याच काळात अमेरिकेचा निम्बस-७ हा उपग्रह त्याच प्रदेशावरून रोज फिरत होता. त्याच्याही यंत्राला हे कमी आकडे दिसले होते. मात्र आकडेवारीवर प्रक्रिया करणाऱ्या आज्ञावलीत १८० एककांखालच्या मूल्यांवर ‘संशयास्पद’ अशी खूण करण्याची तरतूद होती, कारण एवढे कमी मूल्य तोवर कोणी पाहिलेच नव्हते. ‘संगणकाने सत्य फेकून दिले’ अशी या प्रसंगाची एक दंतकथा झाली आहे. ती खरी नाही. आकडे जपलेले होते, त्यांची तपासणीही सुरू होती, आणि ऑगस्ट १९८५ मध्ये प्राग येथील परिषदेत पवन भरतिया यांनी उपग्रहाचा नकाशा मांडला. तरीही या प्रसंगातला बोध उरतोच. मोजमाप स्वतःहून बोलत नाही. काय संभवनीय आहे याची आपली पूर्वकल्पना, म्हणजे आपले प्रारूप, मोजमापाच्या वाचनात आधीच शिरलेले असते. इथवर ‘सगळेच कथन’ म्हणणाऱ्यांची बाजू बरोबर आहे. पुढे जे घडले ते मात्र त्या सूत्रात बसत नाही.

२

१९८६ च्या अखेरीस ओझोन विवराची तीन स्पष्टीकरणे एकमेकांसमोर उभी होती.

पहिले सूर्याचे. १९८० च्या सुमारास सूर्याची सक्रियता शिखरावर होती. तिच्यामुळे वरच्या वातावरणात नायट्रोजनची ऑक्साइडे वाढली, ती ध्रुवाकडे खाली उतरली आणि त्यांनी ओझोन नष्ट केला, असे हे मत होते. दुसरे वाऱ्यांचे. वसंतात सूर्य परतल्यावर ध्रुवावरची हवा वर उचलली जाते, खालची मुळातच ओझोन कमी असलेली हवा वर येते. म्हणजे ओझोन नष्ट होत नाही, केवळ स्थलांतर करतो. तिसरे क्लोरिनचे. सुझन सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये सुचवले की अतिशीत ध्रुवीय हिवाळ्यात स्थितांबरात जे ढग बनतात, त्यांच्या कणांच्या पृष्ठभागावर क्लोरिनची निष्क्रिय संयुगे सक्रिय रूपात बदलतात. तोवरच्या प्रारूपांत वायूंच्या वायूंशी होणाऱ्या अभिक्रिया होत्या. ढगांचा पृष्ठभाग त्यांत नव्हता. त्याच वर्षी सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली मॅकमर्डो तळावर एक मोहीम गेली आणि जमिनीवरून केलेल्या निरीक्षणांत क्लोरिन संयुगांचे वाढलेले प्रमाण दिसले. पण वाद मिटला नाही. तो वायू नेमक्या ज्या उंचीवर ओझोन नाहीसा होत होता तिथेच आहे काय, हे प्रत्यक्ष तिथे जाऊन पाहणे बाकी होते.

या तिन्ही स्पष्टीकरणांना ओझोनची घट मान्य होती. केवळ ओझोन मोजत राहिल्याने त्यांच्यात निवाडा झाला नसता. त्यांच्यातला फरक उघड होत होता तो इतर, अत्यल्प प्रमाणातील वायूंबाबत. सूर्याचे मत खरे असेल तर विवरात नायट्रोजनची ऑक्साइडे जास्त सापडायला हवीत. वाऱ्यांचे खरे असेल तर नायट्रस ऑक्साइडचे प्रमाण वाढलेले दिसायला हवे. हा वायू जमिनीकडून येतो आणि वर जावे तसा विरळ होतो, म्हणून हवा कोठून आली आहे याची तो खूण असतो. क्लोरिनचे खरे असेल तर नायट्रोजनची ऑक्साइडे कमी आणि क्लोरिन मोनॉक्साइड मुबलक असायला हवे.

आमच्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. तिन्ही कथनांनी, ज्या गोष्टीसाठी ती रचली गेली नव्हती त्या गोष्टीविषयीही बोलणे स्वीकारले. आपण खोटे केव्हा ठरू, हे प्रत्येकाने विमान उडण्यापूर्वी सांगून ठेवले होते.

३

ऑगस्ट आणि सप्टेंबर १९८७ मध्ये चिलीच्या दक्षिण टोकावरील पुन्ता अरेनास या शहरातून ही मोहीम निघाली. दोन विमाने होती. डीसी-८ हे मोठे प्रवासी बनावटीचे विमान संशोधकांना आणि त्यांच्या यंत्रांना घेऊन ढगांच्या पट्ट्याखालून उडे. दुसरे ईआर-२, यू-२ या प्रसिद्ध हेरविमानाचे संशोधनासाठी केलेले रूप. त्याला एक इंजिन, एक वैमानिक. दाबाचा पोशाख घातलेला तो वैमानिक सुमारे अठरा किलोमीटर उंचीवर, उणे ऐंशी अंशांच्या आसपासच्या थंडीत, अंटार्क्टिक द्वीपकल्पावरून बहात्तर दक्षिण अक्षांशापर्यंत जाऊन परत येई. मार्गात इंजिन बंद पडले असते तर उतरण्याला जागा नव्हती. अशी बारा उड्डाणे झाली.

विमानाच्या पंखाखाली हार्वर्डच्या जेम्स अँडरसन यांच्या गटाने काही महिन्यांत उभे केलेले उपकरण होते. त्याची युक्ती सांगण्यासारखी आहे. क्लोरिन मोनॉक्साइड थेट दिसत नाही. म्हणून आत येणाऱ्या हवेच्या झोतात नायट्रिक ऑक्साइड सोडले जाई; ते क्लोरिन मोनॉक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेई आणि सुटा क्लोरिन अणू मागे राही. विशिष्ट अतिनील दिव्याच्या प्रकाशात हे अणू उजळतात. नायट्रिक ऑक्साइड सोडल्यावर किती उजेड आणि बंद केल्यावर किती, या दोहोंतील फरक म्हणजे मोजमाप. म्हणजे उपकरण सतत स्वतःचीच परीक्षा घेत होते : मला जे दिसते आहे ते खरोखर तेच आहे, की दुसऱ्या कशाचा भास आहे?

२३ ऑगस्टच्या उड्डाणात विमान ध्रुवीय भोवऱ्याच्या सीमेआत शिरताच क्लोरिन मोनॉक्साइडचा आलेख एकदम चढला. त्या उंचीवर नेहमी असते त्याच्या शंभर पटींहून अधिक, अब्जात सुमारे एक रेणू, असे त्याचे प्रमाण होते. ओझोन मात्र त्या दिवशी अजून जवळपास शाबूत होता. पुढे सूर्य वर येत गेला. १६ सप्टेंबरच्या उड्डाणात त्याच सीमेवर क्लोरिन मोनॉक्साइड पुन्हा चढले, आणि ओझोन बाहेरच्या प्रमाणाच्या निम्म्याखाली घसरला. एवढेच नव्हे, तर सीमेवरच्या बारीकसारीक चढउतारांतही दोन्ही रेषा एकमेकींच्या उलट चालत होत्या. एक वर जाई तिथे दुसरी खाली येई.

इतर साक्षीदारही बोलले. भोवऱ्याच्या आत नायट्रस ऑक्साइड कमी होते. हवा वर चढत नव्हती, वरून खाली उतरलेली होती. वाऱ्यांचे स्पष्टीकरण मुख्य कारण म्हणून उभे राहू शकले नाही. नायट्रोजनची ऑक्साइडेही कमी होती. सूर्याचे स्पष्टीकरण मागे पडले. ढगांच्या कणांनी नायट्रोजनची संयुगे हवेतून काढून घेतली होती, आणि तिसऱ्या मताची हीच अपेक्षा होती.

दोन आलेख परस्परविरुद्ध हलतात एवढ्यावर कार्यकारण सिद्ध होत नाही, हे आपण जाणतो. ते संशोधकही जाणत होते. त्यांना पटले ते दोन कारणांनी. एक, कालक्रम : क्लोरिन आधी वाढले, ओझोन नंतर घटला. दोन, हिशेब : क्लोरिन मोनॉक्साइडचे दोन रेणू जुळून बनणारी जोडी सूर्यप्रकाशात फुटते आणि पुन्हा क्लोरिन सुटतो, हे चक्र मोलिना दांपत्याने प्रयोगशाळेत दाखवले होते. विमानाने मोजलेले प्रमाण त्या चक्राच्या गणितात घातले की ओझोन किती वेगाने नाहीसा व्हावा ते निघते. तो वेग आणि प्रत्यक्ष घटीचा वेग जुळायला हवा होता. पहिल्या हिशेबांत तो बहुतांशी जुळला. उरलेली तूट भरून काढायला, ब्रोमीनसारख्या इतर वाटा मोजायला आणखी काही वर्षे लागली.

इतिहासाच्या योगायोगाने ज्या १६ सप्टेंबर १९८७ रोजी ते विमान भोवऱ्यात शिरले, त्याच दिवशी मॉन्ट्रियल येथे चोवीस देश आणि युरोपीय समुदाय यांनी ओझोनच्या रक्षणाच्या करारावर सह्या केल्या. करार घडवणाऱ्यांनी अंटार्क्टिकाच्या विवराचा आधार घेणे टाळले होते, कारण त्याचे कारण तोवर वादग्रस्त होते. म्हणूनच त्या पहिल्या करारात क्लोरोफ्लुरोकार्बनच्या उत्पादनात निम्म्यापर्यंत कपात होती, पूर्ण बंदी नव्हती. पूर्ण बंदीचा निर्णय १९९० मध्ये लंडन येथे झाला, कारण तोपर्यंत विमानाची साक्ष नोंदली गेली होती. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला.

४

इथे थांबलो असतो तर ही एका विजयाची कथा झाली असती, आणि विजयाच्या कथांविषयी आम्हांला थोडा संशय आहे. म्हणून वीस वर्षे पुढे जाऊ.

२००७ मध्ये अमेरिकेतील एका नामवंत प्रयोगशाळेने त्या जोडरेणूचे प्रकाशशोषण पुन्हा मोजले. आधीच्या मोजमापांत साध्या क्लोरिन वायूची भेसळ होती, ती आपण काढून टाकली आहे, असे तिचे म्हणणे होते. पाठचिकित्सकाच्या भाषेत सांगायचे तर प्रक्षेप वगळून शुद्ध पाठ दिला आहे. नवा आकडा आधीच्या मान्य आकड्याच्या मानाने कितीतरी लहान निघाला. तो खरा मानला तर जोडरेणू पुरेशा वेगाने फुटत नव्हता, चक्र मंद पडत होते, आणि ओझोन विवराच्या स्पष्टीकरणाचा मोठा भाग कोसळत होता.

मग कोणाचे खरे? प्रयोगशाळेतील मोजमाप अधिक नियंत्रित असते, अधिक काटेकोर असते. परंतु २००० सालच्या आरंभी स्वीडनमधील किरुना येथून उडालेल्या ईआर-२ विमानाने उत्तर ध्रुवाजवळ क्लोरिन मोनॉक्साइड आणि त्याचा जोडरेणू, दोन्ही एकाच हवेत मोजून ठेवले होते. त्या दोहोंचे परस्परप्रमाण जोडरेणू किती वेगाने फुटतो यावर अवलंबून असते. नवा आकडा घालून प्रारूप चालवले की दिवसाच्या हवेत विमानाला जेवढे क्लोरिन मोनॉक्साइड दिसले होते तेवढे ते देऊ शकत नव्हते. सात वर्षांपूर्वी वेगळ्याच हेतूने घेतलेली नोंद आता साक्षीला उभी राहिली. संशोधकांनी तिच्यावर विसंबून नवा आकडा मोडीत काढला नाही; शंका उघडी ठेवली आणि पुन्हा प्रयोग केले. २००९ मध्ये तैवानमधील संशोधकांनी निराळ्या पद्धतीने, भेसळीचा प्रश्नच टाळणाऱ्या रीतीने मोजले, आणि उत्तर जुन्या, मोठ्या आकड्यांच्या बाजूचे आले. ‘प्रक्षेप’ काढताना मूळ पाठाचाच काही भाग वगळला गेला होता.

या प्रसंगात प्रारूप, प्रयोगशाळा आणि विमान या तिघांपैकी कोणीही सार्वभौम नव्हते. प्रत्येकाची चूक होऊ शकत होती. पण तिघांच्या चुका होण्याची कारणे वेगवेगळी होती, आणि म्हणूनच त्यांच्या एकमताला किंमत होती. एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या दहा पोथ्यांच्या एकमतापेक्षा स्वतंत्र परंपरांतल्या दोन पोथ्यांचे एकमत मोलाचे, हे तत्त्व आपण आपल्या वर्गात शिकवतोच.

५

आपल्याला अधिक जवळचे एक उदाहरण आहे. जानेवारी ते मार्च १९९९ मध्ये व्ही. रामनाथन आणि पॉल क्रुट्झेन यांच्या पुढाकाराने हिंदी महासागरावर एक मोठा प्रयोग झाला. हिवाळ्यात वारे उपखंडावरून समुद्राकडे वाहतात. कोकण किनाऱ्यावरची हवाही त्यांच्याबरोबर अरबी समुद्रावर जाते. मालदीवहून उडालेल्या विमानांना समुद्रावर कार्बन मोनॉक्साइडचे भरपूर प्रमाण आढळले. हा वायू मोटारीतूनही येतो आणि चुलीतूनही. तो एकटा आपला उगम सांगत नाही. त्याच्या जोडीला असिटोनायट्राइल नावाचा वायू मोजला गेला. लाकूड, शेणी, पालापाचोळा जळताना तो निघतो. पेट्रोल जळताना जवळजवळ निघत नाही. दोघे एकत्र सापडले. या हवेत गिरण्या-मोटारींइतकाच, किंबहुना त्यांहून अधिक, घरोघरच्या चुलींचा आणि शेतातल्या जाळाचा वाटा आहे, असा निष्कर्ष २००१ मध्ये निघाला. प्रारूपांत कागदावरच्या इंधन-आकडेवारीवरून जे उत्सर्जन घातले जात होते, त्याला प्रत्यक्ष हवेने असा जाब विचारला.

असे जाब जितके वाढले तितका एक निराळा धोकाही स्पष्ट झाला. प्रारूपातला ओझोन मोजमापाशी जुळतो, पण ज्या वायूंपासून तो बनतो ते जुळत नाहीत, असे होऊ शकते. एक चूक दुसऱ्या चुकीला झाकते आणि उत्तर बरोबर येते. ज्याने गणिताच्या वहीत मागच्या पानावरचे उत्तर पाहून मधल्या पायऱ्या रचल्या आहेत, त्याला हे समजावून सांगायला नको. म्हणून अंतिम उत्तराऐवजी पायऱ्या तपासणे, म्हणजे एकाच हवेत अनेक वायू एकाच वेळी मोजणे, हा पडताळणीचा मार्ग ठरला.

आणखी एक प्रश्न निवडीचा. विमाने साहजिकच जिथे काही विशेष सापडेल तिथे नेली जात : धुराच्या लोटात, शहरांच्या वाऱ्याखाली. पण विशेष प्रसंगांची सरासरी म्हणजे वातावरण नव्हे. ऑगस्ट १९९४ पासून युरोपातील काही प्रवासी विमानांवर ओझोनची उपकरणे बसवली गेली. ती आपल्या नित्याच्या मार्गांनी, कशाच्याही मागे न लागता मोजत राहिली. २०१६ ते २०१८ या काळात अमेरिकेच्या संशोधकांनी चार ऋतूंत पॅसिफिक आणि अटलांटिक महासागरांवरून, समुद्रसपाटीजवळून बारा किलोमीटरपर्यंत चढत-उतरत, आधी ठरवलेल्या रेषेवरून विमान नेले. जे भेटेल ते मोजायचे, हा नियम. ते विमान म्हणजे १९८७ मध्ये पुन्ता अरेनासहून उडालेले तेच डीसी-८; २०२४ मध्ये ते निवृत्त होऊन आयडाहोतील एका विद्यापीठाकडे गेले. केवळ गाजलेल्या ग्रंथांवरून एखाद्या कालखंडाचा वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्यांनी या नियमाचा थोडा विचार करावा. आम्हीही त्यांतलेच आहोत.

६

आता आरंभीच्या विधानाकडे परत येऊ. विज्ञान हे कथन आहे, हे मान्य. सूर्याचे, वाऱ्याचे आणि क्लोरिनचे अशी तीनही कथने सुबुद्ध माणसांनी, प्रामाणिकपणे, उत्तम गणित वापरून रचली होती. त्यांपैकी दोन मागे पडली ती त्यांचे लेखक दुर्बळ होते म्हणून नव्हे. त्या कथनांनी ज्या हवेविषयी काही म्हटले होते, त्या हवेतून एक वैमानिक जाऊन आला, आणि तिथे तसे नव्हते. पराभूत मतांच्या पुरस्कर्त्यांनीही हा निकाल स्वीकारला, कारण निकालाची कसोटी त्यांच्या मतातूनच निघाली होती.

आपल्या क्षेत्रात अशी विमाने नाहीत, हे खरे. कवितेच्या अर्थाची साक्ष काढायला अठरा किलोमीटर वर जाता येत नाही. पण आपण मांडलेला सिद्धान्त कोणत्या पाठाने, कोणत्या नोंदीने, कोणत्या कालक्रमाने खोटा ठरेल, हे आधी सांगून ठेवणे आपल्यालाही अशक्य नाही. आम्ही वाचलेल्या आणि लिहिलेल्या बहुतेक निबंधांत ते सांगितलेले नसते.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे, करार पाळला गेला तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. हेही प्रारूपाचेच भाकीत आहे. ते तपासायला त्या वेळी कोणीतरी पुन्हा वर जाईल, आणि न जुळल्यास तसे लिहील.